छोटा अंक घ्या, पण आधी लेखक-परिचयाचं पान उघडा

दिवाळीला पंधरा दिवस उरले की कोकणातल्या पुस्तकांच्या दुकानात मुंबई-पुण्याच्या जाडजूड अंकांच्या कडेला चार-दोन बारके अंक येऊन बसतात. एखादा तालुक्याच्या साहित्य मंडळाचा असतो, एखादा दोन-तीन मित्रांनी पदरचे पैसे घालून काढलेला. पानं शंभर-सव्वाशे, किंमत दीडशे ते तीनशेच्या घरात, मुखपृष्ठावर बहुतेक वेळा होडी नाहीतर कौलारू घर. अधूनमधून निघणाऱ्या एखाद्या अनियतकालिकाचा अंकही याच फळीवर सापडतो. बाहेरून ही सगळी सख्खी भावंडं वाटतात. आत मात्र फार फरक असतो, आणि तो अनुक्रमणिकेवरून कळत नाही. तो कळतो शेवटच्या, ‘या अंकाचे लेखक’ असं लिहिलेल्या पानावरून. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका अंकाचं नाही, या जातीच्या अंकाचं आहे: पैसे कुठल्या अंकावर घालावेत आणि कुठला तसाच परत फळीवर ठेवावा.

त्या पानावर बारा-पंधरा लेखकांच्या दोन-दोन ओळी असतात. सगळ्या ओळी ‘ज्येष्ठ कवी, पाच संग्रह प्रकाशित, अमुक पुरस्काराने सन्मानित’ अशाच असतील तर संपादकाने बिरुदं गोळा केली आहेत, माणसं नाहीत. त्याच जागी ‘एसटीत वाहक, वस्तीच्या गाडीवर’, ‘मासे विकते, पहिलीच कथा’, ‘पंचवीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखात्यात, आता खाडीकाठी गावी’, ‘दशावतारात स्त्रीपात्र करतात’, ‘आशा स्वयंसेविका’ अशा धाटणीच्या ओळी असतील तर अंक घ्या. कथा कच्च्या निघाल्या तरी घ्या. मोठ्या अंकाची विक्री नावाजलेल्या लेखकांवर चालते, त्यामुळे त्याला तीच ती नावं लागतात. छोट्या अंकाला ती नावं परवडत नाहीत, आणि त्याचं बळ नेमकं तिथेच आहे. लिहिण्यावर ज्यांचं पोट नाही अशांचं लिहिणं बहुधा इथेच छापलं जातं.

पोटाचा धंदा एक आणि लिहिणं दुसरं, ही मराठीतली जुनीच रीत. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने काढला; त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांचं मूळ आडनाव आजगावकर. मालगुंडचे केशवसुत पोटासाठी शाळामास्तर होते, आणि त्यांच्या कविता ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’ अशा त्या काळच्या नियतकालिकांतून लोकांपुढे आल्या. आरती प्रभूंनी कुडाळला खानावळ चालवली. मुर्डीचे श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला होते. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या पिढीकडे पाहिलं तरी तेच दिसतं. अशोक शहाण्यांचं ‘असो’ १९६३ चं. त्या वर्तुळातले अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले; नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत. कोकणात सावंतवाडीला इंग्रजी शिकवता शिकवता प्रवीण बांदेकरांनी ‘नवाक्षर दर्शन’ चालवलं, पुढे २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या कादंबरीला मिळाला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं. धर्मगुरू असलेले हे गृहस्थ २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही नावं पुढे मोठी झाली. पण अंकात पहिल्यांदा आली तेव्हा त्यांचाही परिचय दोन ओळींचाच असणार.

आता कोकणातल्या अंकांची खरी अडचण. परिचयाची दहा पानं तपासलीत तर सर्वांत मोठा गट प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांचा निघतो. त्यात वाईट काही नाही. गावात हातात पेन असलेला, वाचनालयाचा सभासद असलेला, शुद्धलेखन येणारा माणूस बहुधा तोच, आणि दुर्गम वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत काढलेली वर्षं हा लेखनाला भरपूर खाऊ आहे. पण पंधरांतले अकरा-बारा शिक्षक असले की अंक एका सुराचा होतो: आजीचं घर, परसातली अबोली, मुंबईला गेलेला मुलगा, बंद पडलेली शाळा. चाकरमानी गावी येतो आणि पडवीत बसून रडतो, ही एकच कथा तीन नावांनी छापलेली मिळते.

याचं कारण पुष्कळदा अंतिम तारखेत असतं, आणि हे फार कमी संपादकांच्या ध्यानात येतं. अंकाचं वेळापत्रक दिवाळीपासून मागे मोजत आणावं लागतं. दिवाळीआधी दोन आठवडे अंक दुकानात हवा. छपाई-बांधणीला पंधरा-वीस दिवस, अक्षरजुळणी आणि दोन वेळा मुद्रितं तपासायला महिनाभर, आणि मधे गणपती. त्या दिवसांत कोकणात छापखान्याचं काम हलत नाही. या धाकाने काही संपादक ‘साहित्य ३१ मेपर्यंत पाठवावे’ असं छापून मोकळे होतात. मग लिहायला मोकळं कोण उरतं? आंब्याचा बागायतदार मार्चपासून मेअखेरपर्यंत बागेत. दशावतारी कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत रात्री रंगमंचावर आणि दिवसा झोपेत. मच्छीमार समुद्रावर, त्याची बंदी सुरू होते १ जूनला आणि ३१ जुलैपर्यंत चालते. भातशेती करणारा जूनमध्ये पेरणीत, जुलैत लावणीत. मे महिन्यात सुट्टी असते ती शाळेला. म्हणजे तारीखच शिक्षकांना बोलावते आणि बाकीच्यांना घरी बसवते. तीच तारीख १० ऑगस्ट केली तर आधीच्या जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, तोवर लावणी आटोपलेली असते, नट घरी असतो, बागेत रान बेणण्यापलीकडे काम नसतं. अक्षरजुळणीवाल्याची तारांबळ होते हे खरं, पण आधी आलेलं साहित्य जुलैतच लावून ठेवलं तर निभावतं. विकत घेणाऱ्याने हे तपासायचं कसं? पुढच्या अंकाचं आवाहन आतल्या पानावर चौकटीत असतं. त्यातली तारीख वाचा.

लेखक स्वतः ते काम करणारा आहे की कामाविषयी ऐकून लिहितोय, हे कथेत दोन परिच्छेदांत समजतं. आंब्याचं उदाहरण घ्या. हापूस झाडावर पिकेपर्यंत ठेवत नाहीत. सोळा आण्यांपैकी बारा-चौदा आणे तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवतात. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि पेटीत तो आंबा खाली जातो. मग पिकायला पेंढ्यात अढी घालायची. बागेत वावरलेला माणूस ‘चौदा आणे’ लिहितो आणि पुढे निघतो, समजावत बसत नाही. ऐकीव लिहिणारा ‘पिवळ्याधमक हापूसने लगडलेली झाडं’ लिहितो. साका या हापूसच्या दोषाचंही तसंच. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच आतला पांढुरका, आंबूस गर कळतो. अख्खी पेटी दिसायला सोन्यासारखी आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर तक्रार, या एका गोष्टीवर बागायतदार चांगली कथा उभी करू शकतो, कारण ती धास्ती त्याने दर हंगामात काढलेली असते.

वादळाचंही पाहा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि उन्मळलेल्या सुपारीवरच्या कविता तेव्हापासून अंकांतून येतच आहेत. त्या प्रामाणिक असतात, पण एकीची ओळ दुसरीत घातली तर कळणार नाही. महावितरणच्या तारतंत्र्याने लिहिलेली दोन पानं असतील तर ती आधी वाचा. उपकेंद्रातून परवानगी घेऊन फिडर बंद करणं, तार जमिनीला जोडून घेणं, मगच खांबाला हात लावणं. आणि खाली गावातली माणसं कधी येणार वीज म्हणून उभी. यात उपमा एकही नसेल, पण वादळानंतरचे ते दिवस त्याच पानांत सापडतात.

बोलीचा प्रश्न यालाच जोडून आहे. कोकण म्हणजे एकटी मालवणी नव्हे. रायगडची आगरी, संगमेश्वरी, दापोली-खेडकडच्या कोकणी मुसलमानांची बोली, वसईची सामवेदी. अंकात यांतल्या किती दिसतात ते पाहा. आणि दिसतात त्या कशा छापल्यात तेही पाहा. दर तीन शब्दांनी कंस टाकून अर्थ दिला की कथेचा श्वास तुटतो. गडगा, पाणंद, कुणगा, वायंगण हे शब्द संदर्भाने कळतात. अगदीच अडेल अशा आठ-दहा शब्दांची यादी कथेच्या शेवटी पुरे. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत हा सर्वांना सोयीचा मार्ग आहे, पण तो प्रत्येकावर लादू नये. दशावतारी नटाला छापील संहितेची सवय नसते. आख्यान ठरतं आणि संवाद आयत्या वेळी सुचतात. त्याचं लिखित वाक्य त्यामुळे लांब, टाळ्यांच्या जागा ठेवून चालणारं येतं. संपादकाने ते तोडून तीन नीटनेटकी वाक्यं केली की नट त्यातून निघून जातो. याउलट पहिल्यांदा लिहिणाऱ्याची सुरुवातीची दीड पानं पुष्कळदा कापावी लागतात, कारण तो गोष्टीकडे यायला घाबरत असतो. कुठे कापायचं आणि कुठे हात लावायचा नाही हे ज्याला कळतं तो संपादक चांगला. अंकात दोन-तीन नवे लेखक असूनही वाचताना अडखळायला होत नसेल तर मागे कुणीतरी रात्री जागवल्या आहेत असं समजा.

मुद्रितशोधनाची एक झटपट चाचणी आहे. कुठलीही पाच पानं काढा आणि ‘ऱ्या’ असलेले शब्द शोधा: वाऱ्यावर, खोऱ्यात, दुसऱ्या, दऱ्या. ते ‘वार्यावर’, ‘खोर्यात’ असे छापले असतील तर अंकाची मुद्रितं कुणी वाचलेली नाहीत. असं होतं कारण लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, छापखाना जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटवर काम करतो, आणि मधल्या रूपांतरात आडव्या ‘र’चा वर रफार होतो. इतर ठिकाणी ही फक्त चूक दिसते, कोकणात अर्थच फिरतो. ‘सह्याद्रीच्या दऱ्या उतरून’ याचं ‘सह्याद्रीच्या दर्या उतरून’ झालं की डोंगराला समुद्र लागतो. मालवणीत आणखी एक धोका असतो. मोबाइल आपण होऊन ‘माका’चं ‘मका’ करतो, आणि मुद्रितशोधक बाहेरगावचा असला तर ते तसंच राहतं. बोलीतल्या कथेचं शेवटचं मुद्रित लेखकाला दाखवावंच. हे करणारे अंक संपादकीयात तसं सांगतात, आणि वाचताना ते जाणवतंही.

आता वस्तू म्हणून अंक कसा आहे ते. आतला कागद ७० ग्रॅमचा मॅपलिथो असेल तर चांगला; न्यूजप्रिंट असेल तर दोन पावसाळ्यांत पिवळा पडतो. १२८ पानं म्हणजे सोळा पानांचे आठ फर्मे (एकाच कागदावर छापून घडी घातलेले गट). पानं सोळाच्या पटीत बसवावी लागतात, म्हणून शेवटच्या फर्म्यात कधी कधी ओळखीपाळखीच्या चारोळ्या कोंबलेल्या दिसतात. तिथे संपादकाची शिस्त उघडी पडते. मधोमध दोन पिना मारलेला पातळ अंक असेल तर खाऱ्या हवेत त्या पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तांबूस डाग उतरतो. जाड अंकाला गोंदाची बांधणी असते. कण्याकडून खाचा नीट पाडल्या नसतील तर गोंद कागदात शिरत नाही आणि पहिल्याच उघडण्यात पान हातात येतं. दुकानातच अंक मधोमध उघडून अंगठ्याने हलका दाब द्या. कट्ट आवाज आला तर दुसरी प्रत मागा. दोऱ्याने शिवलेला अंक मिळाला तर पन्नास रुपये जास्त देऊनही घ्या. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं, म्हणून ओल धरली की आतली बाजू फुगते आणि कव्हर बाहेरच्या अंगाला वळतं. तो दोष छापखान्याचा नाही, हवेचा आहे. चार दिवस वजनाखाली ठेवलं की बरंच सरळ होतं.

जाहिरातींवर राग धरू नका. काजूचा कारखाना, सराफ, पतसंस्था यांच्या पानांवरच अंक उभा असतो. पाचशेच्या आत प्रती काढणाऱ्याला नुसत्या विक्रीतून छपाईचा खर्च निघत नाही. फक्त जाहिरात कथेच्या मधल्या पानावर घुसवली आहे की मागे एकत्र लावली आहे, एवढं बघावं. लेखकाला मानधन मिळत नाही, बहुतेक ठिकाणी एक प्रत मिळते. ते निदान सांगून केलेलं असतं. लेखकालाच दहा प्रती विकत घ्यायला लावणारा अंक मात्र टाळा, वाचक म्हणूनही आणि लेखक म्हणूनही. तिथे निवड लेखनाची होत नाही. कव्हरवरचा आयएसएसएन हाही दर्जाचा शिक्का नव्हे. तो नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, इतकंच.

अंक मिळवायचा कसा? तालुक्याच्या गावी असाल तर आधी वाचनालयात जा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. अशा ठिकाणी स्थानिक अंक येतात, आणि चाळून मग विकत घेता येतो. चिपळूणच्या वाचनालयात २००५ आणि २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं होतं. जुन्या छोट्या अंकांच्या प्रती मुळातच थोड्या, त्यामुळे तुमच्या माळ्यावर एखाद्या बंद पडलेल्या अंकाची फाइल असेल तर ती रद्दीत घालू नका, वाचनालयाला दाखवा. टपालाने मागवायचा तर डेमी आकाराचा १२८ पानी अंक साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरतो, क्राऊन आकाराचा सव्वादोनशेच्या आसपास. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, म्हणून मागवताना टपालखर्च वेगळा विचारा, आणि जमल्यास चौघांनी मिळून एकाच पाकिटात मागवा. घरी आल्यावर पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. कपाटात भिंतीपासून चार बोटं सोडून उभे लावा, कसरीसाठी डांबरगोळ्या फडक्यात बांधून ठेवा. वाळवी खालून चढते, तेव्हा सगळ्यात खालचा खण रिकामाच बरा.

एवढं पाहून एका वर्षी दोनच अंक घ्यायचे झाले तर एक आपल्या तालुक्याचा घ्या आणि एक दुसऱ्या टोकाचा. वेंगुर्ल्याच्या वाचकाने पालघर-वसईकडचा, अलिबागच्या वाचकाने कुडाळकडचा. किनारा एकच, पण तिकडचा माणूस कुठल्या कामाला जातो आणि ते काम कुठल्या शब्दांत सांगतो हे वाचताना आपलाच किनारा नवा वाटतो.

परिचयाच्या पानावर बहुधा लेखकाचा मोबाइल क्रमांकही असतो. कथा आवडली तर जरूर कळवा. पहिली कथा छापलेल्या माणसाला आलेले दोन फोन पुढची कथा लिहायला पुरतात. मात्र फोन करण्याआधी वरची ओळ पुन्हा वाचा. होडीवरचा माणूस पहाटे निघालेला असतो, दुपारी झोपतो. वाहकाच्या हातात गाडी मुक्कामी पोहोचेपर्यंत तिकिटं असतात. दशावतारी सकाळी दहाला उठवला तर रात्रीचा खेळ बिघडतो. त्यांना दोन ओळींचा संदेश टाका, कथेतली कुठली जागा आवडली ते नेमकं लिहा, आणि संध्याकाळी त्यांचा फोन येईल तेव्हा उचला.